जिन्यावरचे अकरा पेले

नाव रेमेदिओस उरुतिया, वय ६१ वर्षे, व्यवसाय निवृत्त परिचारिका, राहणार साकातेकास शहर, मेक्सिको.

मी समक्ष हजर राहून सांगते की, दिनांक १४ नोव्हेंबर रोजी दुपारी दोनच्या सुमारास मी व माझे पती एउसेबिओ खाणीच्या डोंगरावरील जुन्या सराईत उतरलो. तेथे पूर्वी पटकीच्या साथीत तहानेने मेलेली एक बाई अजून पाणी मागते, अशी बोलवा आहे. आम्ही त्यासाठीच गेलो होतो.

माडीच्या जिन्यावर उतारू तिच्या नावाने पाण्याचे पेले ठेवतात. त्यापुढे साखळी लावलेली असते. चारच्या सुमारास वरून रडणे व "पाणी" असा शब्द ऐकू आला. मी पेला ठेवला. पती म्हणाले, "जन्मभर मुडदे हाताळलेस, आणि आता भुताला पाणी ठेवतेस होय गं?" जवळ उभे असलेले उतारू हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता न्याहारी करताना तोच आवाज आला. त्यात खोकला होता. मी पतींना म्हणाले, "अहो, भुताच्या छातीत कफ कुठला?"

"गप खा. सुट्टीवर आलीयेस तू."

मी उठून साखळी ओलांडली. मालक फेर्मिन अरिस्पे ओरडले, "बाई, वर जाऊ नका, लाकूड कुजलंय!" लाकूड धड होते. दाराला बाहेरून कडी होती. ती मी काढली.

आत खाटेवर अंदाजे ऐंशी वर्षांच्या बाई होत्या. ओठ फाटलेले, पाठीला पडून राहिल्याने झालेल्या दोन जखमा, हाडापर्यंत. मालक मागून आले.

"आत्या आहे माझी. भ्रमिष्ट झालीय. पाहुण्यांसमोर कशी आणू?"

"पाणी कधी दिलं होतं?"

"काल... नाही, परवा असेल."

मी मालकांना त्या बाईंचे नाव विचारले. बाईच म्हणाल्या, "कास्तुला."

जिन्यावर अकरा पेले होते. एक आणून मी चमच्याने पाणी पाजले. उघड्या दारातून बाकीचे पेले दिसत होते. कास्तुलाबाईंनी विचारले, "एवढं पाणी कुणासाठी ठेवलंय गं, बाळ?" मी पुढचा चमचा त्यांच्या ओठांना लावला.

पावणेअकराला रुग्णवाहिका आली. सायंकाळी पाच वाजता रुग्णालयात त्या वारल्या. मी जवळ होते.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'मी त्यांना वाचवण्याचा तातडीने प्रयत्न केला' असे लिहिले होते. 'तातडीने' हा शब्द मी खोडायला लावला. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.