उकंड्याचं कार्ड

मनोहरराव : सक्ती नाही हो, वच्छलाबाई. कार्ड ऐच्छिक असणार. ऐच्छिक.

वच्छलाबाई : इच्छापत्र? मी काय मरून राहिली काय, मास्तर? सकाळी सकाळी चांगलं बोला.

मनोहरराव : इच्छापत्र नाही, ऐच्छिक! ज्याला हवं त्यानं घ्यायचं, नको त्यानं नाही घ्यायचं. त्यावर फोटो, नाव, पत्ता. खिशात ठेवायचं, कुणी विचारलं तर दाखवायचं. असं ओळखपत्र निघालं तर लोकांना हवंय का, एवढंच विचारत फिरतोय. वर्ग सोडून आम्हा मास्तरांना या कामाला जुंपलंय.

वच्छलाबाई : साखर भेटते काय त्याच्यावर?

मनोहरराव : सगळ्या टिमकी मोहल्ल्यानं हाच प्रश्न विचारला. मागच्या गल्लीतल्या बबनरावांनी तर रॉकेलही विचारलं. काही मिळत नाही. नुसती ओळख.

वच्छलाबाई : ओळखीचं काय करू? मले सारे ओळखतात. थांबा... फटफटी वाजली काय?

मनोहरराव : दूधवाल्याची सायकल गेली. आल्यापासून बघतोय, तुमचं लक्ष दाराकडंच आहे. कुणाची वाट बघताय?

वच्छलाबाई : पोराची. उकंडा माहा. हिंगण्याले कारखान्यात हाय. कंपनीच्या बसनं दिवे लागायच्या आत घरी येते तो. काल आलाच नाही. सून लेकरं घेऊन उमरेडले माहेरी गेली, घरात मी एकटी. चूल नाही पेटवली बाप्पा कालपासून. जीव रमवाले मागाच्या कांड्या भरत बसली, तर सूतबी सारखं तुटून राहिलं.

मनोहरराव : अहो, मग कुणाला पाठवायचं तिकडं.

वच्छलाबाई : धाडला ना. शेजारचा शालिकराम गेला उजाडताच, सायकलनं.

मनोहरराव : कारखान्याकडून काही निरोप?

वच्छलाबाई : कोणी नाही आलं. एक आला होता संध्याकाळी. पण तो दुसऱ्याच कोणाले इचारत होता.

मनोहरराव : कुणाला?

वच्छलाबाई : ते नाव मी तोंडातून काढत नाही, मास्तर. नका इचारू.

मनोहरराव : बरं, राहिलं. तुमच्या मुलाचं नाव उकंडा म्हणालात. तेच लिहू? कागदोपत्री चांगलं नाव असेल ना काही?

वच्छलाबाई : उकंडा काय वाईट हाय? तुम्ही तिकडले काय, पुण्याकडले?

मनोहरराव : साताऱ्याचा. आमच्याकडं केरू असतं. केरातला तो केरू.

वच्छलाबाई : मंग तुम्हाले समजते सारं. माह्या पहिल्या दोघाइचं बारसं वाजतगाजत केलं आम्ही. सोन्यासारखी नावं ठेवली, आल्यागेल्याले सांगतली. दोघंबी पाळण्यातूनच गेले. तिसऱ्या खेपी सासू म्हणे, आता हे लेकरू आपलं नाहीच. उकंड्यावर नेऊन ठेवलं, कचऱ्यात. शेजारची जनाबाई तिकडून आली, तिनं उचललं. मंग सूपभर कोंडा देऊन म्या तिच्यापासून विकत घेतलं. नाव पडलं उकंडा. कचऱ्यातल्याले न्याले कोण येईन, सांगा तुम्ही?

मनोहरराव : कुणी नाही आलं, हे तर दिसतंच आहे. पण बारसं नाही केलं त्याचं?

वच्छलाबाई : केलं. दार लावून केलं. रिवाज हाय म्हणून नणंदेनं कानात नाव सांगतलं, एकदाच. ते मले ठाऊक, तिले ठाऊक अन् उकंड्याच्या बापाले ठाऊक. बाप गेला. म्या तर जिभेवर नाही घेतलं आजवर.

मनोहरराव : आणि काल जो माणूस आला...

वच्छलाबाई : तेच नाव घेतलं त्यानं! अंधार पडला होता. उंच माणूस, काळा कोट, हातात बॅटरी. फटफटी अशी डरकत आली जसा काही रेडाच. दारात उभा राहून म्हणे, अमका इथंच राहते काय? सांगा मास्तर, जगात कोणाले माहीत नाही ते नाव, याले कोणं सांगतलं? म्या म्हणलं, असा कोणी नाही राहत इथं. अन् कडी लावली. तो बाहेरून बोलतच होता, म्या कानावर हात ठेवले.

मनोहरराव : अहो, पण काय म्हणतो ते ऐकायचं तरी!

वच्छलाबाई : त्याचं आयकत नसतात.

उकंडा : माय! माय वं!

वच्छलाबाई : उकंड्या! आला रे माहा राजा! हे डोक्याले काय? हात काहून बांधला गा? उभा नको राहू, बस. मास्तर, तो पाट सरकवा इकडे. बस म्हणलं ना! कुठी होता रे रातभर? जीव घेतला असता म्या तुहा.

उकंडा : घेजो, पण पहिले पाणी दे. काही नाही झालं वं. रस्त्यात गाय आली, कंपनीची बस नाल्यात उतरली. हात मोडला, डोक्याले टाके पडले. बाकीचेबी सारे बरे हायेत. रडू नको ना माय. शालिकरामच्या सायकलवर आलो, दारातून तर चालत आलो ना मी.

वच्छलाबाई : रडू नको म्हणते! रडीन मी. कालपासून थांबवून ठेवलं होतं, आता रडीन. मेल्या, निरोप तरी धाडाचा.

उकंडा : धाडला ना! आमचे चौकीदार आले होते, आनंदराव. तूच कडी लावली म्हणे त्यांच्या तोंडावर.

वच्छलाबाई : कोण आनंदराव?

उकंडा : उंचेपुरे. काळा कोट घालतात. साहेबाची फटफटी घेऊन आले होते.

वच्छलाबाई : तो... तो चौकीदार होता?

उकंडा : मंग तुले कोण वाटला?

मनोहरराव : तुमच्या आईला यमदूत वाटला.

उकंडा : आनंदराव? अरे बाप रे! हसवू नका मास्तर, टाके दुखतात.

वच्छलाबाई : हसू नको. त्या चौकीदाराच्या तोंडी ते नाव आलं कुठून, ते सांग मले.

उकंडा : तू चिडशील.

वच्छलाबाई : चिडीन. सांग.

उकंडा : पासावरून. कारखान्याचा पास हाय माह्याजवळ. मी बेहोश होतो, दवाखान्यात खिशातून हाच निघाला. फोटो हाय, पत्ता हाय. वाचा ना मास्तर, नाव वाचा.

मनोहरराव : गिरिधर नत्थूजी निमजे.

वच्छलाबाई : हळू! हळू वाचा, रस्त्यावर आयकू जाते. तुले कोणं सांगतलं हे नाव?

उकंडा : आत्यानं. माह्या लग्नात.

वच्छलाबाई : जिजाबाईच्या तोंडाले कधी झाकण नव्हतंच. अन् सुनेले, रुखमाले माहीत हाय?

उकंडा : हाय.

वच्छलाबाई : म्हणजे मी दातात जीभ धरून बसली, अन् साऱ्या नागपूरले माहीत!

उकंडा : माय, आयक तर खरी. पहिल्या कारखान्यात गेलो होतो ना, तिथल्या बाबूनं नाव इचारलं. मी म्हणलं, उकंडा. तर म्हणे, नाव सांग, पत्ता नको. सारी लाइन हसली. मंग हिंगण्याले गेलो तवा तोंडातून गिरिधर निघून गेलं.

वच्छलाबाई : लाज वाटली तुले.

उकंडा : वाटली. खोटं काहून सांगू?

वच्छलाबाई : सूपभर कोंडा देऊन घेतलेलं नाव हाय ते. त्या सालात घरात कोंडाबी नव्हता, उसना आणला.

उकंडा : ठाऊक हाय मले. पण पुढची गंमत तर आयक. आनंदराव इथून परत दवाखान्यात आले. म्हणे, त्या पत्त्यावर कोणी गिरिधर राहत नाही. माहं तोंड रक्तानं माखलेलं, फोटो जुळेना. डॉक्टरीणबाई म्हणे, मंग हा पास चोरीचा असन. तेवढ्यात मले शुद्ध आली. बाईनं इचारलं, नाव काय तुमचं? अन् माह्या तोंडातून काय निघालं असन?

मनोहरराव : उकंडा.

उकंडा : उकंडा! खिशात गिरिधर अन् तोंडात उकंडा. पोलिसाले बोलवा म्हणत होते. बाजूच्या खाटेवर आमचा महादेव होता म्हणून वाचलो. त्यानं सांगतलं, हा आमचाच हाय, दोन्ही हाच हाय.

मनोहरराव : ओळखपत्र होतं, तरी ओळख पटेना. आता हे मी सरकारला कसं कळवू?

वच्छलाबाई : थांब जरा. काय म्हणला तू? शुद्ध कवा आली तुले?

उकंडा : आनंदराव परत आले तवा.

वच्छलाबाई : त्याच्या पहिले?

उकंडा : त्याच्या पहिले मी होतोच कुठी? महादेव सांगे, डॉक्टरीण नाडी धरून बसली होती. तिचंच तोंड पांढरं पडलं होतं म्हणे.

वच्छलाबाई : अन् तो परत आला. म्हणला, असा कोणी नाही तिथं.

उकंडा : हो.

वच्छलाबाई : अन् तुहे डोळे उघडले.

उकंडा : हो. तसंच झालं.

वच्छलाबाई : मंग म्या बरोबरच केलं.

उकंडा : माय, ते आनंदराव होते वं! तंबाखू खातात. घरी बायको हाय, चार लेकरं हायेत.

वच्छलाबाई : असतीन. कोणाच्या पायानं कोण येते, आपल्याले काय ठाऊक? दारात येऊन नाव घेतलं, म्या नाही म्हणलं, तो परत गेला. सासू हेच सांगून गेली होती मले. इतके वर्ष वाटे, म्हातारीनं उगाच लेकराचं नाव नासवलं. आता नाही वाटत. काय मास्तर, तुम्ही शिकलेले. बोला.

मनोहरराव : मी शाळेत विज्ञान शिकवतो, बाई. मला बोलायला लावू नका. मुलगा समोर बसलाय, त्यात सगळं आलं.

उकंडा : खरं सांगू माय? मलेबी मोकळं वाटलं. हा पास लपवून लपवून थकलो होतो. रोज घरी आलो का पहिले शर्टातून काढून आढ्यात खोसून ठेवायचो. तू वाचशीन अन् जीवाले लावून घेशीन म्हणून.

वच्छलाबाई : मले वाचता कुठी येते रे, मेल्या?

उकंडा : अरे... हे तर ध्यानातच नाही आलं.

मनोहरराव : आता तुम्ही हसवताय मला. बरं, मला पुढच्या गल्लीत जायचंय. तेवढं सांगा, कार्ड निघालं तर हवं की नको?

वच्छलाबाई : ऐच्छिक हाय ना?

मनोहरराव : बघा, शब्द बरोबर आला. हो, ऐच्छिक.

वच्छलाबाई : मंग लिहा, पायजे. याचं पायजे. अन् नाव गिरिधरच टाका. उकंडा कुठी लिहू नका, ते घरचं हाय.

उकंडा : माय! तू म्हणते हे?

वच्छलाबाई : मी म्हणते. ज्याले ह्याले न्याचं असन तो कार्ड वाचून येईन. येऊ दे. दारात मी हाय ना.

मनोहरराव : आणि तुमचं स्वतःचं कार्ड?

वच्छलाबाई : माहं कायले? माहं नाव कोणं लपवलं होतं? मले न्याले आला तर जाईन मी मुकाट्यानं. पण आज नको म्हणा. आज पोराले जेवू घालाचं हाय, चुलीत अजून विस्तव नाही.

(बऱ्याच वेळानं. दारावर थाप.)

मनोहरराव : वच्छलाबाई! घाबरू नका, मीच आहे, मास्तर. पुढच्या गल्लीत गेल्यावर कळलं, चष्मा इथंच राहिला. गिरिधरराव बसले होते ना, त्या पाटाजवळ असेल.

वच्छलाबाई : हा घ्या चष्मा. पण इथं कोणी गिरिधर राहत नाही, मास्तर. उकंडा हाय. तो जेवून राहिला.