जळक्या ऑइलची शेगडी

जानेवारी १९९८. आखातातल्या शर्कच्या बसस्टॉपवर माझ्या पुढे दोघं मराठीत बोलत होते.

"फारूकभाई, तुमच्या खोलीतली जळक्या ऑइलची शेगडी नीट चालते ना?"

"चालते की. गाड्यांचं टाकाऊ ऑइल थेंब थेंब पडतं, धूर नाही, वास नाही. रॉकेलनं डोकं चढायचं, ते थांबलं. का रे सुदेश?"

"आमच्या खोलीतली शेगडी विश्रामनं बनवलेली."

"अपघातात गेला तो?"

"तोच. त्याची पिकअप आमच्याच यार्डात भंगारात आली. तिच्यातलं ऑइल मी काढून बाजूला ठेवलं होतं. थंडी वाढली, तसं कुणीतरी शेगडीत ओतलं."

"मग काय झालं? ऑइल ते ऑइल."

"तेव्हापासून शेगडी लाल होते, पण खोली तापत नाही. फक्त त्याची कॉट गरम लागते. माणूस नुकता उठून गेल्यासारखी."

"शेगडीजवळ असेल."

"दाराजवळ आहे. सगळ्यात लांब."

"मग विझवून टाका ती शेगडी."

"विझवली. टाकी रिकामी होऊन चार दिवस झाले. कॉट अजून गरम आहे."

"जाताना काही बोलला होता का तो?"

"काही नाही. चावी घेतली आणि रोजच्यासारखं दारातून म्हणाला, येतो."

"आणि तू?"

"आपण काय म्हणतो, फारूकभाई? मी म्हटलं, ये."