एका शाबासकीबद्दल

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, सहकारी बंधुभगिनी, विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांना आज निरोप द्यायचा त्या साबिराआपा,

चोवीस वर्षं आपल्या ग्रंथालयात पुस्तकं काढून देणाऱ्या आपांचा गौरव मी करावा, असं ठरलं होतं. लिहून आणलेलं भाषण खिशात आहे. ते तिथंच राहू दे. आपांनी मला वेगळंच काम सांगितलंय, आणि ते उरकेपर्यंत मला चैन नाही.

दुसऱ्या वर्षाची गुलनाज कापूरहोळहून एसटीनं येते. दिवाळीनंतर ती माझ्या मराठीच्या तासाला यायची बंद झाली. ग्रंथालयात कोपऱ्यात बसायची. विद्यार्थी कल्याण समितीचा प्रमुख म्हणून मी काय केलं? पुण्याहून समुपदेशक बोलावले. त्यांनी छापील प्रश्न विचारले. भूक? दिवसभर काही खात नाही. झोप? पहाटे चारलाच उठते. त्यांनी ‘नैराश्य’ असा शेरा लिहिला, खाली मी सही केली. रमजान चालू होता, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

हसताय, हसा. पण तो कागद घरी गेला. तिचे वडील जलालभाई म्हणाले, "पोरीला येडी ठरवत्यात, तर कॉलेज कशापायी?"

आपा माझ्याकडे आल्या. "सर, रोजा म्हंजे आजार न्हाई. पण पोर आतून कोमेजलीय, ते खरं हाय. वर्गात तुमी तिला काय म्हनता?"

"काही नाही. उलट कौतुक करतो. मराठी किती छान बोलतेस, म्हणतो."

"चिमाजीला म्हनता का?"

चिमाजी तिच्याच वर्गातला, वेल्ह्याचा. त्याला कशाला म्हणेन?

"मग तिलाच का? तिच्या घरात भांडणं बी मराठीतच होत्यात. तुमी शाबासकी देता, आन् सगळा वर्ग वळून बघतो. पावणी असल्यावानी. तिनं तोंडच मिटलं."

पुढे आपाच जलालभाईंना भेटून आल्या. गुलनाजशी रोज बोलत राहिल्या. काय, ते मी विचारलं नाही. ती परत आली. परीक्षेचा अर्ज मात्र अजून कोरा आहे, आणि उद्या शेवटची तारीख. मघाशी दारात विचारलं, तर म्हणाली, "बघते, सर." उद्यापासून आपाही नाहीत. मग अशी मुलं कुणाकडे जाणार? छापील प्रश्नांकडे? अध्यक्ष महोदय, आठवड्यातून दोन दिवस तरी आपांना बोलावता येईल का, याचा विचार व्हावा.

आपा मला म्हणाल्या, "शाबासकी समद्यांदेखत दिलीत, चूक बी समद्यांदेखत कबूल करा." गुलनाजला विचारूनच तिचं नाव घेतोय.

गुलनाज, तुझ्या मराठीला शाबासकी देणारा मी कोण? ती जेवढी माझी, तेवढीच तुझी. माझं चुकलं. अर्जाचं तू ठरव.

आपा, तुमचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेनं ते पोटात घालावं. गुलनाजनं मात्र घालू नये. वर्गात उभं राहून सांगावं.