आमच्या बॉयलरचं कव्हर

अरे, एटीजमध्ये बर्मिंगहॅमच्या घरी मी बॉयलरचं कव्हर घेतलंच होतं म्हण. वर्षाचे पैसे भरायचे, बिघडला की माणूस येऊन दुरुस्त करणार. मी सतत हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर, घरी बायको सुमन आणि तान्हं बाळ. थंडीत बॉयलर बिघडून घराचं हीटिंग बंद पडलं तर? मी पेन उघडून तयार. कव्हर विकायला घरी आलेला सेल्समन म्हणाला, "आधी बॉयलर बघतो."

नेमका दसरा होता. सुमननं सकाळीच शिलाई मशीन, मिक्सर आणि बॉयलरला हळदकुंकू लावून फुलं वाहिली होती. तो बघतच राहिला.

"किती जुना आहे?"

"आम्ही घर घेतलं तेव्हापासून हाच आहे," मी म्हणालो.

"कधी बंद पडला?"

"एकदाही नाही," सुमन म्हणाली.

"सर्व्हिसिंग कोण करतं?"

"मीच. दर दसऱ्याला, असं," फुलांकडे बोट दाखवत सुमन म्हणाली.

त्यानं कागद बॅगेत घातले. मला वाटलं, चिडला. दारापर्यंत गेला, घुटमळला आणि हळूच सुमनला म्हणाला, "बाहेर माझी व्हॅन आहे. रोज सकाळी स्टार्ट व्हायला फार त्रास देते. तिलाही जरा लावता का?"

मी पेनाला टोपण लावलं.