चटई ओसरीवर

...आणि चटई बाहेर! ओसरीवर! वर उशी, उशीवर माझा टॉवेल, नीट घडी घालून. म्हणजे रागाच्या भरात भिरकावलेली नाही, ठरवून ठेवलेली. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगतो, मी मलपे बंदरावर बर्फ फोडणारा माणूस, चाळीस वर्षं बोटींना बर्फ पुरवला, बायकांचं मला काय कळणार? पण डोळे आहेत ना? महिनाभर बघतोय, आमची बायको जलजा मासळीची पाटी उतरवते न उतरवते तोच तोंड लालबुंद, अंग घामानं चिंब, आणि घटकाभरानं कुडकुडते. बोललं तर खेकसते, नाही बोललं तर रडते. आमटीत मीठ दोनदा, किल्ली तांदळाच्या डब्यात. मी म्हटलं, हिवताप, दुसरं काय? मग ज्यानं जन्मात चूल पेटवली नाही त्या मी मिरी कुटली, आलं ठेचलं, झणझणीत काढा केला, पेलाभर पाजला, वर दोन जाड पांघरुणं घातली आणि खिडक्या लावून घेतल्या. एवढी सेवा कोण करतो हो? आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघतो तर चटई बाहेर. काय चुकलं माझं?

तुम्ही म्हणाल, बाहेर तर बाहेर, वारा लागेल. अहो, आमच्यात घर बाईचं! आईकडून लेकीला जातं. बायकोनं चटई बाहेर ठेवली की नवऱ्यानं समजायचं, निघा आता. माझ्या मामाची चटई अशीच बाहेर आली, आठवड्यात ट्रंक घेऊन तो बहिणीकडे गेला आणि तिथंच म्हातारा झाला. मी विचारलंसुद्धा नाही. अपमान काय विचारून घ्यायचा? तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिनं जा म्हटलेलं ऐकायचं कशाला? ट्रंकेत दोन लुंग्या टाकल्या आणि गेलो थोरल्या बहिणीकडे, अप्पी अक्काकडे.

अक्का माझी सत्तरीची, बांगडे साफ करत बसलेली. ऐकलं आणि अशी हसली... मांजरानं बांगडा पळवला तरी पत्ता नाही. मग म्हणाली, "अरे शहाण्या, पाळी जायला लागलीय तिची. आतून वाफा येतात बाईला, आणि तू तिला मिरी पाजून शिजवलीस?"

मला कोण सांगणार होतं? मग अक्का सुटलीच. दोन-चार वर्षं चालतं, तिखट नि कॉफी कमी, अंगावर सुती कापड, संध्याकाळी वाळूवर चालायचं, हाडांसाठी तारल्या काट्यासकट खायच्या, अंगावरून फार गेलं तर डॉक्टरीण गाठायची. तिनंही म्हणे त्या दिवसांत भावोजींना गोठ्यात झोपवलं होतं, आणि ते बिचारे मरेपर्यंत समजत होते, आपल्याला म्हशीच्या राखणीला ठेवलंय.

तसाच उलटा फिरलो. वाटेत कारखान्यातून बर्फाची लादी उचलली, भुशात गुंडाळून डोक्यावर, हातात ट्रंक. जलजा दारातच उभी.

"कुठं गेला होता?"

"बर्फ आणायला."

"ट्रंक घेऊन?"

लादी तिच्या पायाशी ठेवली. तिनं खाली बसून दोन्ही पाय लादीवर टेकवले, डोळे मिटले, आणि महिनाभरानं पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली. म्हणाली, "उद्यापण आणा." मी म्हटलं, जमलं! हळूच चटई उचलली आणि उंबऱ्यात पाय ठेवला.

डोळे न उघडता म्हणाली, "ती असू द्या तिथंच. लादी तेवढी आत सरकवा."

तेव्हापासून रोज हेच. लादी आत, मी बाहेर. काल शेवटी विचारलंच, बाई, माझं चुकलं तरी काय? तर म्हणाली, काही नाही हो. तुम्ही गरम आहात, एवढंच.