बाहेरची पिन आणि आमची पिन

मी मूळची कुरुळीची, चाकणच्या अलीकडची. नाव शेवंता. आमच्या बापानं धम्म घेतला तवा गावकीची कामं सोडली आन् सडकेवर खडी फोडायला जायला लागला. आम्हा भावंडांना म्हणायचा, हात चालता ठेवा, मंग कुणाच्या दारात उभं ऱ्हायची पाळी येत न्हाई. शाळा मातर मला न्हाई मिळाली. बासष्ट साली लगीन होऊन पिंपरीला आले, तवा हिकडं कंपन्यांच्या नुसत्या भिंती उभ्या ऱ्हात व्हत्या, आन् त्या भिंतींच्या विटा मी डोक्यावरनं वाहिल्यात, आता कुणी मानायचं न्हाई. आमचे हे एका कंपनीत रंग मारायला लागले, आन् दोन लेकरं झाल्यावर मी बी काम हुडकायला लागले.

आमच्या शेजारच्या खोलीत नामादादा ऱ्हायचा, नात्याचा न्हाई, पन भावासारखा. तो चिंचवडच्या एका लहान कारखान्यात ग्राइंडिंगच्या मशीनवर व्हता. कारखाना म्हंजी काय, पत्र्याची शेड, वीस-बावीस मानसं. तिथं गाडीच्या पंपात बसती ती बोटाएवढी लोखंडी पिन घासून मापाला आनायची. नामादादानं मालकाला सांगून मला पिना धुवायला लावली. रॉकेलात पिना धुवायच्या, फडक्यानं पुसायच्या. आन् जेवणाच्या सुट्टीत तो मला माप शिकवायचा. मायक्रोमीटर हातात दिला. मी म्हणाले, दादा, मला अक्षर वळखता येत न्हाई. तर म्हणतो, अक्षर कशाला पायजे, शेवंते, रेघा मोज. रेघा मोजत मोजत मी तपासनीस झाले, काय सांगू तुम्हाला, लुगडं नेसलेली तपासनीस, आख्ख्या लायनीत एकटी.

त्या काळात बाहेरदेशाचा माल सहजी येत नव्हता. दिल्लीचा परवाना लागायचा. त्यामुळं आमची पिन कशी बी निघू दे, पंप बनवणारी कंपनी घ्यायची, कारण दुसरी मिळतच नव्हती. आमी बी निवांत. दहातल्या दोन वाकड्या गेल्या तर कोन विचारतंय? खोटं कशाला बोलू, मी सुदिक सोडून द्यायचे कवाकवा.

मंग ऐंशी साल लागलं आन् सरकारनं बाहेरच्या मालाला जरा वाट दिली. एक दिवस कंपनीचे खरेदीचे साहेब आले. त्यांनी टेबलावरच्या काचेवर दोन पिना ठिवल्या, एक आमची, एक बाहेरची, आन् बोटानं ढकलल्या. बाहेरची सुळकन गेली, आवाज न्हाई की काय न्हाई. आमची खडखड करत गेली. साहेब काय वाईट बोलले न्हाईत. एवढंच म्हणाले, आता आम्हाला ही मिळती. मालकांचं तोंड उतरलं. मला तर लाजच वाटली, कारण तपासून सोडलेली पिन माझीच व्हती.

काम निम्म्यावर आलं. एकेक मानूस कमी व्हायला लागलं. पन मालक जिद्दीचे. ज्या वाटंनं पिन आली त्याच वाटंनं मशीन बी येतंय म्हणाले, आन् घर गहाण टाकून परदेशी ग्राइंडिंग मशीन आनलं. लाकडाच्या खोक्यातनं निघालं तवा आमी हळद-कुंकू वाहिलं. पन ते एक मशीन चौघांचं काम करायचं. नामादादाचं जुनं मशीन बंद पडलं. दादा मशीनच्या घासायच्या दगडाच्या आवाजावरनं माप सांगायचा, आन् ह्या नव्याला कानाची गरजच नव्हती. तो स्वतःच मालकांना म्हणाला, मी जातो, पोराबाळांची मानसं ठेवा. मी लई रडले. तो म्हणाला, रडू नको, माप चुकंल.

आन् माप चुकलंच. नव्या मशीनचा पयला माल कंपनीनं परत धाडला. बारीक हाय म्हणाले. दुसरा बी परत. आमी तपासला तर बराबर, त्यांनी तपासला तर बारीक. मशीनसंगं आलेला इंजिनीअर म्हणायचा, बाईला बघता येत न्हाई. खरेदीच्या साहेबांनी निरोप धाडला, तिसरा माल परत आला तर आमी कायमचं बाहेरूनच घेऊ. म्हंजी शेडला कुलूपच.

दुसऱ्या दिशी सकाळी लवकर गेले. वैशाखाचा महिना, पन सकाळचं पत्रं गार व्हतं. माझ्या वाटीत कालच्या दुपारच्या चार पिना राहिल्या व्हत्या, तपासून बराबर केलेल्या. उगंच एक उचलून मापली. बारीक! दुसरी मापली, ती बी बारीक. उरलेल्या दोन मापल्या, त्या बी तशाच. मंग ध्येनात आलं, मशीनवरनं उतरलेली पिन हाताला कोमट लागती. अवो, भाकरी तव्यावर फुगती आन् गार झाली की बसती, तसंच की! कंपनीच्या तपासायच्या खोलीत थंड हवेचं यंत्र, आन् आमी भर दुपारी पत्र्याखाली मापतोय.

मी हे सांगितलं तवा इंजिनीअर हसला. मालक न्हाई हसले. त्यांनी मशीनवरच्या दहा पिना माझ्यासमोर मापून कागदावर लिवल्या, मागच्या खोलीत शहाबादी फरशीवर पसरल्या, दुपारभर दार लावून घेतलं. संध्याकाळी परत मापल्या. धाच्या धा बारीक. मालक फरशीवरच बसले. म्हणाले, शेवंताबाई, आजपासून तुमी व्हय म्हणाल तवाच माल भाईर जाईल. इंजिनीअर बी मोठ्या मनाचा निघाला, त्यानं मशीन जरा जाड मापाला लावलं आन् म्हणाला, माझं चुकलं, बाई.

तिसरा माल परत आला न्हाई. पुढं काम वाढलं, दुसरं मशीन आलं, गेलेल्यातली पाच-सा जणं परत घेतली. नामादादाला बी बोलावनं धाडलं, पन त्यानं तवर पिंपरीच्या मंडईत भाजीचा गाळा धरला व्हता, न्हाई म्हणाला. समदेच काय परत आले न्हाईत. त्यांच्यातल्या काहींचं काय झालं, मला ठावं न्हाई. ते मनात ऱ्हातंय.

गेल्या म्हयन्यात आमच्या पिनांचं एक खोकं पयल्यांदा बाहेरदेशी गेलं. आइतवारी मंडईत गेले, नामादादाला सांगितलं. त्यानं हातातला तराजू खाली ठिवला, गिऱ्हाईक ताटकळत उभं, आन् हा त्यांना सांगतोय, ह्या बाईनं तपासलेला माल साता समुद्रापार गेलाय, आन् माप हिला मी शिकवलंय, मी. मंग माझ्या पिशवीत मेथीची जुडी घातली, पैशाला हात लावू देईना. ज्यांनी शिकवलं, ज्यांनी ऐकून घेतलं, ज्यांनी माझ्यासाठी जागा सोडली, समद्यांचं भलं होवो. माझं तर झालंच हाय.