गंगेनं परत केलेला नारळ

इमानदारीच्या गप्पा चालल्यात म्हणून आमच्या तुकामामांचं सांगतो. पिंपरीत तेव्हा नुकते कारखाने येऊ लागले होते आणि मामांच्या मळ्यावर नोटीस आली होती. जमीन वाचावी म्हणून त्यांनी कचेरीत साहेबाला घरच्या तुपाचा डबा पोचवला. शिवाय गंगेला नारळ वाहायचं ठरवलं.

मी त्यांना कलकत्त्याला नेलं. तिथं खाली गंगेचे असंख्य फाटे होऊन समुद्राला मिळतात. तो सगळा मुलूख दिवसभरात दाखवणारा एक वाटाड्या मिळाला, आम्ही त्याच्या बोटीत बसलो. सकाळीच मामांनी नारळाला कुंकू लावलं, लाल दोरा बांधला आणि पाण्यात सोडला. नारळ समुद्राकडं निघून गेला.

दुपारी एका फाट्यात बोट थांबवून आम्ही दशम्या खात होतो, तर बोटीला काहीतरी टक्‌कन लागलं. बघतो तर लाल दोऱ्याचा नारळ!

वाटाड्या हिंदीत म्हणाला, "भरती आली. इथं नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते."

मी मामांना ते मराठीत सांगितलं.

"आमची पवना कदी उलटी व्हात न्हाई," मामा म्हणाले आणि नारळ उचलून पिशवीत टाकला.

पुढं मळा गेला. पारावर कुणीतरी विचारलं, "काय मामा, गंगा पावली न्हाई व्हय?"

"न्हाई पावली. पर बाई इमानाची हाय. काम हुनार नव्हतं, तर नारळ त्याच दिशी परत दिला. सायबाकडनं तुपाचा डबा अजून यायचाय."